भिजत घातलेली नाव

नाव क्रमांक सतरामध्ये पाणी शिरलं, तेव्हा व्यंकटी लातुरात औसा रोडवरच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. समोरच्या पडद्यावर बारीकसा लाल ठिपका उगवला, टुण्ण असा आवाज झाला, आणि बिस्कीट कपातच राहून गेलं. 'नाव क्र. १७. तळात पाणी. पातळी नऊ सेंटिमीटर. वाढत आहे.' सकाळचे दहा चाळीस झाले होते. असे ठिपके दिवसातून पंधरावीस तरी उगवतात. त्यांना उत्तर द्यायचं, हेच व्यंकटीचं काम. आसपासच्या धरणांवर जेवढ्या प्रवासी नावा चालतात, त्यांच्या पोटात कंपनीने एकेक राखाडी डबी बसवली आहे. डबीला पाणी शिरलेलं कळतं, नाव कललेली कळते, बॅटरी उतरलेली कळते. आणि हे सगळं कळून येतं कुठे, तर लातूरला, जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. या गोष्टीवर ऑफिसातली माणसं पहिल्या महिन्यात पोटभर हसून घेतात. पुढे कुणी हसत नाही. ठिपका उगवला की दहा मिनिटांच्या आत नावाड्याला फोन करायचा, विचारपूस करायची, चार कारणांपैकी एक निवडायचं आणि ठिपका विझवायचा. पाऊस, लाट, गळती, उपकरणातला बिघाड. नावेत पाणी येण्याला पाचवं कारण जगात नाही, असं कंपनीचं मत. पडद्याच्या कोपऱ्यात दहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. सतराच्या पुढे नावाड्याचं नाव होतं ज्ञानोबा, वय चौऱ्याहत्तर. व्यंकटीने ते वाचलं नाही. स्वतःच्या बापाचं नाव काय वाचायचं.

फोन उचलायच्या आधीच त्याला माहीत होतं, नाव बुडत नव्हती. एप्रिलचा मधला आठवडा होता. धरणाचं पाणी आटत मागे गेलं असणार, नावेची वाट बंद झाली असणार, आणि उघड्या काठावर उन्हाने नावेच्या फळ्या आक्रसल्या असणार. अशा वेळी बाप नाव ओढून उथळ पाण्यात नेतो आणि डब्याडब्याने तिच्यात पाणी भरतो, भरतो, काठोकाठ भरतो. पाचसहा दिवस तशीच ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्याफळ्यांमधले सांधे आपोआप मिटतात. मग पाणी उपसायचं, कुठे राहिली असेल ती फट कापूस आणि डांबर घालून बुजवायची, आणि नाव पुढच्या वर्षाला तयार. व्यंकटी सात वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा त्याने हे पाहिलं. सकाळी उठून नदीवर गेला तर नाव नाही. तिचा नुसता काठ पाण्याबाहेर दिसतोय, आत पाणी, बाहेर पाणी, आणि त्या पाण्यात एक बेडूक खुशाल पोहतोय. त्याने गाव डोक्यावर घेतलं, नाव बुडाली, नाव बुडाली. आई चुलीपुढून तशीच राखेच्या हातांनी धावत आली. बाप लिंबाखाली बसून तंबाखू मळत होता. तो उठलासुद्धा नाही. "बुडाली न्हाई रे, भिजू घातलीय," तो म्हणाला. "तुझी माय डाळ भिजू घालती का न्हाई रातीला? तसं." मग आई पदर तोंडाला लावून हसली, आणि व्यंकटीला हसू आलं नाही म्हणून बापाने त्याला उचलून त्या भरलेल्या नावेत बसवलं. नावेच्या आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा गरम होतं. ते त्याच्या मांड्यांना अजून आठवतं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मांड्यांना, खुर्चीत बसल्या बसल्या.

घड्याळात आठ मिनिटं वीस सेकंद राहिली होती. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाला कारण निवडायला किती वेळ लागावा? पण व्यंकटीचा हात माउसवर नुसता पडून राहिला. कारण सतरामध्ये डबी बसल्यापासून गेली दोन वर्षं याच दिवसांत हाच ठिपका उगवला होता, आणि दोन्ही वेळा त्यानेच तो विझवला होता, आणि दोन्ही वेळा 'गळती' लिहून विझवला होता. पहिल्या वर्षी लिहिलं ते हसत हसतच. चारांत 'भिजत घातली' असं काही नव्हतं. पाऊस म्हणावा तर ऊन मी म्हणत होतं, लाट म्हणावी तर पाण्यावर सुरकुती नाही, बिघाड म्हणावा तर माणूस पाठवून डबी बदलली असती. त्यातल्या त्यात गळती. मग पावसाळ्यात ते परिपत्रक आलं. एका नावेच्या नावावर तीन वर्षांत तीन वेळा गळती लागली, की नाव निकामी. ती ओढून न्यायची, तिच्या जागी फायबरची नवी नाव द्यायची, आणि नव्या नावेचा परवाना साठीच्या आतल्या माणसालाच. व्यंकटीने ते वाचलं, त्यावर सही केली. त्याच वेळी कक्षप्रमुख आरती मॅडमकडे जाऊन सांगायचं होतं, की मॅडम, सतराची ती गळती खरी नव्हे. तो गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. आणि दुसऱ्या वर्षी ठिपका उगवला तेव्हा तो हसलाही नाही. त्याने फोन केला, बाप म्हणाला, भिजू घातलीय की, तो बरं म्हणाला, आणि सगळं समजून उमजून त्याने पुन्हा गळतीवर बोट ठेवलं.

असं का केलं, याचं उत्तर त्याच्याजवळ होतं आणि ते चांगलं होतं, हीच पंचाईत होती. आई गेल्यापासून म्हातारा एकटा होता. दोन वर्षांमागच्या थंडीत खोकून खोकून अर्धा झाला, तरी पहाटे नाव सोडायची ती सोडलीच. सुकन्याने, म्हणजे व्यंकटीच्या बायकोने, आपणहून मागची खोली रिकामी केली, खिडकीला जाळी बसवून घेतली, बाजेवर नवी गादी टाकली. सासऱ्याला तंबाखूची पिंक टाकायला म्हणून खिडकीखाली एक जुनं घमेलंसुद्धा नेऊन ठेवलं. दोन वर्षं ते घमेलं कोरडं होतं. दर सणाला व्यंकटी विचारायचा, "दादा, यायचं का लातूरला?" आणि म्हातारा म्हणायचा, "रोजच येतो की." त्यात खोटं काही नव्हतं. धरणाच्या त्या फुगवट्याचा एक काठ नांदेड जिल्ह्यात, दुसरा लातूर जिल्ह्यात. इकडून कंधारच्या बाजारची माणसं बसायची, तिकडे अहमदपूरच्या बाजूला उतरायची. म्हातारा दिवसातून वीस वेळा लातूर जिल्ह्यात यायचा आणि वीस वेळा परत जायचा, लातूरला मात्र येत नव्हता. पडद्यावर त्या फेऱ्या दिसायच्या. निळा ठिपका पाण्यावरची ती न दिसणारी हद्द ओलांडून यायचा, काठाला टेकायचा, माणसं उतरेपर्यंत थांबायचा, फिरायचा. व्यंकटीने किती दुपारी काम नसताना नुसतं ते बघत घालवल्या होत्या. ठिपका मध्येच पाण्यात थांबला की त्याला कळायचं, आता तंबाखू मळतोय. उशीर झाला की कळायचं, रोजची नर्सबाई येतेय, तिच्यासाठी थांबलाय. बापाशी फोनवर चार वाक्यं बोलायची तर तिसऱ्याला दोघांची गाडी अडायची, पण या ठिपक्याशी त्याचं बरं जमायचं. त्याला बापावर माया करायला अशी लांबची, निळी सोय लागत होती आणि त्याची त्याला लाज वाटत होती. बाप जवळ आला तर काय बोलायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं, तरी बाप जवळ यायला हवा होता. आणि त्यासाठी आता फक्त एकदा बोट ठेवायचं होतं. कुणाला कळलं नसतं. नाव गेली असती, म्हातारा चार दिवस रुसला असता, मग त्या गादीवर येऊन बसला असता. व्यंकटीला तो तिथे बसलेला स्पष्ट दिसला. काय करत असेल ते मात्र दिसेना. खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत होती.

साडेसहा मिनिटं राहिली असताना त्याने फोन लावला. म्हाताऱ्याचा फोन पाण्यापासून लांब, बाभळीला टांगलेल्या पिशवीत असतो. तो वाजत राहिला. वाजता वाजता व्यंकटीच्या मनात भलतंसलतं येऊन गेलं. नावेत पाणी भरताना पाय घसरला असेल तर? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दहाचं ऊन. मग कट्ट आवाज झाला आणि धाप ऐकू आली.

"नमस्कार, नियंत्रण कक्षातून बोलतोय," व्यंकटी म्हणाला. हे वाक्य म्हणावंच लागतं, सगळं बोलणं साठवलं जातं. "नाव क्रमांक सतराच्या तळात पाणी दाखवत आहे. सर्व ठीक आहे ना?"

"हाव, ठीक हाय," म्हातारा तितक्याच गंभीरपणे म्हणाला. त्याला हा सुरुवातीचा भाग फार आवडायचा. "झालं का तुझं? आता माणसावाणी बोल."

"दादा, भिजू घातली का?"

"घालायलोय. आत्ताशी तळ झाकलाय. यंदा लई वाळलीय रे, फळीत बोट जायलंय."

"तुम्हाला दोन कागद आले होते का? कंपनीचे, नावेच्या नोंदीचे?"

"आले की. धम्मप्रिया बाईकून वाचून घेतले." धम्मप्रिया म्हणजे ती नर्सबाई, लसीचा डबा मांडीवर घेऊन रोज नावेने पलीकडच्या वस्त्यांवर जायची. "तिसरा आला की नाव उचलून नेत्यात म्हणली."

"मग ठाऊक असून कशाला घातली? थांबायचं होतं की. मला तरी विचारायचं."

"थांबून काय करू? वाळकी नाव पाण्यात घालू?" म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, तो समजावून सांगत होता, मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसा. "जूनात शाळंची लेकरं बसत्यात. ती बाई बसती. मधी पाण्यात फळी उघडी पडली तर? कागदाला भिऊन नाव भिजू घालायची न्हाई, असं कुठं असतंय व्हय? नेली तर नेली. पण हाय तवर तरी धड ठिवायची."

दोन मिनिटं पन्नास. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "आन् तू हायस की तिथं. मला कशाची फिकीर? त्या कागदावर तुझंच नाव हाय छापलेलं. बाईनं बोट ठिवून दावलं. व्यंकटी ज्ञानोबा. म्हंजे माझं बी आलं की त्यात. दोन्ही कागद चंचीत ठिवलेत. नावंत बसंल त्याला दावतो, पोराचं नाव छापून आलंय म्हणून."

"दादा, त्यात लिहिलंय काय, ते..."

"पाणी शिरलं म्हणून लिव्हलंय. शिरलंच हुतं की. मीच घातलं हुतं. खोटं कुठं लिव्हलंस तू?"

फोन ठेवला तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद होते. व्यंकटीने हात मांडीवर घेतले आणि ते चाळीस सेकंद पळताना बघत बसला. चंचीत ठेवलेले कागद त्याला दिसत होते. चुन्याच्या डबीला लागून, चार घड्या घातलेले, तंबाखूचा वास लागलेले. म्हाताऱ्याने ते नावेतल्या किती माणसांना उघडून दाखवले असतील, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी काय वाचलं असेल, आणि म्हाताऱ्याचं तोंड बघून किती जणांनी काही न बोलता कागद परत घडी करून दिला असेल. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्काटात एक द्यावी, म्हणजे बरं वाटेल. चार वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्याच्या पडद्यावरचं घड्याळ शून्यावर गेलं. पडद्याची कड लाल झाली, आणि काचेच्या खोलीतून आरती मॅडमने मान वर केली.

आरती मुदखेडची. बाप रेल्वेत, त्यामुळे वेळेच्या बाबतीत कडक. व्यंकटीपेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी तो तिच्यापुढे उभाच राहायचा. "सतराचं कारण चारांत बसत नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि नाव भिजत घालणं म्हणजे काय ते त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग मागच्या नोंदी उघडल्या. "मग मागच्या दोन वेळेस बसलं ते?" हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. चुकून, असं म्हणायला जागा होती. मॅडमने वाटसुद्धा बघितली, तो चुकून म्हणेल म्हणून. "पहिल्यांदा अंदाजाने लिहिलं," व्यंकटी म्हणाला. "दुसऱ्यांदा माहीत होतं. मुद्दाम लिहिलं."

"का?"

"नावाडी माझे वडील आहेत. नाव गेली की लातूरला येतील, असं वाटलं."

आरतीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याचा टुंटुं आवाज येत राहिला. "लेखी द्या," ती शेवटी म्हणाली. "मला हे वर पाठवावं लागेल. तुम्हाला मेमो येईल, पगारवाढही थांबेल कदाचित." तो दारापाशी पोचल्यावर ती म्हणाली, "माझी आई मुदखेड सोडत नाही. क्वार्टर सुटलं, तर स्टेशन दिसेल अशीच खोली बघून घेतली तिने. गाडी आली की मला फोन करते, आज नंदीग्राम लेट आहे म्हणून. मी काय करू त्या गाडीचं?" आणि तिने मान खाली घालून कामाला सुरुवात केली.

ते लिहिताना व्यंकटीला दुपार पुरली नाही. अर्ज, जबाब, दिलगिरी, सगळे नमुने त्याला पाठ होते. पण 'मी माझ्या वडिलांच्या नावेबद्दल' याच्या पुढे वाक्य जाईना. शेवटी जसं होतं तसं लिहून टाकलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. दोन्ही गळत्या खोडल्या गेल्या, नाव राहिली. त्याला मेमो मिळाला, पगारवाढ गेली, आणि घरच्या माणसाने घरच्या नावेला उत्तर द्यायचं नाही असा नियम निघून सतरा नंबर शेजारच्या टेबलावर वीरेशकडे गेला. चार कारणांखाली पाचवं आलं, 'इतर', आणि त्यापुढे लिहायला एक रिकामी पट्टी. बाकी आठवडाभर व्यंकटीला लाल ठिपका दिसायचा तो वीरेशच्या पडद्यावर, तिरक्या मानेने. वीरेश उदगीरचा, नवा, नेमाचा पक्का. ठिपका तासातासाला उगवायचा, तो तासातासाला फोन करायचा, आणि म्हातारा दर वेळी बाभळीपर्यंत येऊन आनंदाने सांगायचा, की हाव, ठीक हाय, भिजायलीय. असं कौतुक नावेचं आजवर कुणी केलं नव्हतं.

रविवारी पहाटे व्यंकटीने अहमदपूरची एसटी धरली, पुढे जीपने फुगवट्याला वळसा घातला आणि शेवटी पायी चालत पलीकडच्या काठावर गेला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून दुसरा डबा काढून दिला. म्हणजे दुसरा डबा आणलेलाच होता. सुकन्याने सकाळीच फोन करून ठेवला असणार. दोघे नावेच्या दोन टोकांना उभे राहून पाणी उपसायला लागले. पाणी कोमट होतं. फळ्या काळ्याभोर, फुगलेल्या, त्यांच्यामध्ये आता बोट नव्हे, सुईही गेली नसती. व्यंकटीने दोनशे डबे होईपर्यंत वाट बघितली. मग वाकल्या वाकल्या, बापाकडे न बघता म्हणाला, "दादा, ते कागद मी मुद्दाम लिहिले होते. नाव जावी म्हणून. तुम्ही लातूरला यावं म्हणून."

म्हाताऱ्याने हातातला डबा बाहेर रिता केला. पलीकडे पाण्यावर एक बगळा उतरला, त्याने इकडेतिकडे बघितलं, आणि उडून गेला. "मग तोंडानं म्हणायचं की, ये म्हणून," म्हातारा म्हणाला. "नावंला मधी कशाला घ्यायचं? तिनं काय केलं तुझं?"

"म्हणतच होतो की दर सणाला."

"तू इचारायचास, यायचं का म्हणून. ये, असं कवा म्हणलास?"

व्यंकटीच्या हातातला डबा भरलेला तसाच राहिला. एवढं साधं होतं की त्याला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. "या," तो म्हणाला. "या ना, दादा. खोली करून ठेवलीय. घमेलं ठेवलंय."

"पावसाला अजून दीड महिना हाय. पंधरा दिस येतो," म्हातारा म्हणाला. "पर आठ दिसाला पाणी येतंय तुमच्यात. जास्ती ठिवलंस तर वाळून फळ्या उघडतील माझ्या." आणि स्वतःच्या बोलण्यावर खोकत खोकत हसला. मग कमरेची चंची सोडून त्याने चार घड्यांचे दोन कागद काढले, उन्हाकडे धरून एकदा बघितले आणि परत ठेवले. "ऱ्हाऊ दे. नाव तर तुझंच हाय."

ते पुन्हा वाकले. दोन डब्यांचा आवाज आधी मागेपुढे पडत होता, मग एकात एक मिसळला. नावेचा तळ दिसायला लागला तेव्हा बाभळीवरची पिशवी वाजली. व्यंकटीने फोन आणून बापाच्या हातात दिला, आणि आपण बोलायचं नाही हे आठवून बाजूला उभा राहिला. स्पीकरवरून वीरेशचा आवाज आला, स्वच्छ, पाठ केलेला. हे वाक्य या काठावरून कसं ऐकू येतं, ते व्यंकटीने कधी ऐकलं नव्हतं.

"नमस्कार, नियंत्रण कक्षातून बोलतोय. नाव क्रमांक सतरामधलं पाणी नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने कमी होत आहे. सर्व ठीक आहे ना?"

"हाव, ठीक हाय," म्हातारा म्हणाला.

"मागच्या दोन वर्षांत एवढ्या लवकर कधी कमी झालं नाही, काका. मला कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

म्हाताऱ्याने ओला हात धोतराला पुसला, फोन तोंडाशी आणला, आणि हळू, एकेक शब्द सुटा करून, लिहून घेणाऱ्याला सोपं जावं म्हणून सांगितलं, "लिव्हा. आज आम्ही दोघं हाव."